जास्तीची दोन चाकं

डेल्बर्ट माकीच्या आवारात दोन गाड्या,
दोन्ही हायब्रिड, दोन्ही कुणीतरी वापरून सोडलेल्या.
करडी पुढच्या दोन चाकांवर ओढणारी,
एकसष्ट हजार मैल.
निळी ऑल-व्हील, अठ्ठ्याऐंशी हजार,
आणि वर सव्वीसशे डॉलर.
डेल्बर्ट म्हणाला, "इथं, सुपीरियरच्या काठावर,
चार चाकांशिवाय म्हणजे..."
वाक्य त्यानं तिथंच सोडलं.
विकणाऱ्याला अर्धी भीती पुरते.

मी पियानो सुरात लावतो.
या अख्ख्या द्वीपकल्पात एकशे चाळीस उरलेत,
ज्यांच्यासमोर निदान नाताळात तरी कुणी बसतं.
मागच्या सीटवर हातोडी, किल्ल्या, लोकरीच्या पट्ट्या;
माझं सगळं दुकान एका पिशवीत मावतं.

निळी चालवून पाहिली.
चढावर मागून एक बारीक हुंकार आला,
खर्जातला, किंचित उतरलेला.
मग पुठ्ठा टाकून तिच्या पोटाखाली सरकलो.
पुढच्या इंजिनाकडून मागं एकही दांडा येत नाही.
मागच्या चाकांची मोटर वेगळी, आपली आपण,
मधे फक्त एक नारिंगी केबल.
आणि केबलच्या जोडाशी, विजेरी धरली तर,
रस्त्यावरच्या मिठाची हिरवट-पांढरी फुलं.
"ते काय, ब्रशनं निघतं," वरून डेल्बर्टचे बूट बोलले.

रात्री आर्डिसनं विजेच्या बिलाच्या पाठीवर रेघ ओढली.
एकोणतीस वर्षं तिनं गणित शिकवलंय
आणि अजून कुणालाही वरच्या वर्गात ढकलत नाही.
"गेल्या हिवाळ्यात किती दिवस अडकलास?"
"अकरा."
"नीट आठव."
नऊ.
त्यातले दोन दिवस बर्फ काढणारी गाडीच फिरकली नव्हती,
तेव्हा चार काय, आठ चाकंही अंगणातच राहिली असती.
उरले सात.
"आणि तो खड्डा? ते मेलबॉक्स? पाद्रीबाईंचं कुंपण?"
ते चढायचं नव्हतं, थांबायचं होतं.
पाच वेळा थांबायचं होतं.
"थांबायला," ती पेन्सिल खाली ठेवत म्हणाली,
"सगळ्याच गाड्यांना चार चाकं असतात."

उरले दोन. दोन्ही सायमा केटोलाच्या टेकडीवरचे.

फोन केला.
म्हटलं, फेब्रुवारीऐवजी मेमध्ये आलो तर चालेल?
पलीकडे भांड्यावर झाकण पडल्याचा आवाज.
"मेमध्ये माझे भाचे येतात, रस्ता येतो,
दमट हवा आली की पियानोसुद्धा
जरासा शुद्धीवर येतो.
फेब्रुवारीत शेगडी रात्रंदिवस पेटलेली,
लाकूड वाळतं, तारा ढिल्या पडतात,
आणि ऐकायला घरात मी एकटी.
तू तेव्हाच यायचंस."

म्हणजे सव्वीसशे डॉलर कशाचे,
हे आता नेमकं कळलं होतं:
एका टेकडीचे. पाऊण मैल.

करडी घेतली.
तिला चार बर्फाचे टायर, मऊ रबराचे, सातशे ऐंशीला.
माझ्या बुटांना खिळ्यांचे पट्टे, बावीस डॉलरला.
आर्डिसनं दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले
आणि बेरजेखाली दोन रेघा ओढल्या.

फेब्रुवारीच्या चौदाला गाडी पायथ्याशी लावली,
पिशवी खांद्यावर टाकली.
वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी काढलं, पापणीवरच गोठवलं.
तीनदा थांबलो; एकदा दम खायला,
एकदा शिव्या घालायला,
तिसऱ्यांदा उगाच.
खाली ती करडी, शहाण्यासारखी सपाटीवर,
वर मी, तिची मागची दोन चाकं.

सायमानं खिडकीतून पाहिलं असावं;
दारात पोचलो तेव्हा कॉफी ओतलेली होती.
"गाडी कुठाय?"
"दमली," मी म्हणालो.

निळी एप्रिलमध्ये गेली, असं डेल्बर्ट सांगत होता.
फ्लोरिडाच्या एका माणसानं नेली.
त्याला म्हणे, वेळेला असावी म्हणून.