नारिंगी बोळे

चिमटीत धरून आधी वळायचे,
वातीसारखे. पण वातीला पीळ चालतो,
यांना सुरकुतीही चालत नाही.
मग उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन
डाव्या कानाची पाळी वर-मागे ओढायची,
बोळा आत सारायचा,
आणि बोटाने दाबून तीस मोजायचे.
तीस होईतो तो आत फुगतो
आणि अक्कलकोट रोडची सगळी एमआयडीसी
शेजारच्या गल्लीत राहायला जाते.

पहिल्या दिवशी टपरीवर सिद्राम कलशेट्टी म्हणाला,
"काय बे, आत्ताच बहिरा झालास?
हॉर्न कसा ऐकू येणार तुला?"
सांगितलं त्याला, येतो.
ट्रकचा येतो, एसटीचा येतो,
वळसंगजवळ म्हशी हाकणाऱ्या पोराची शीळसुद्धा येते.
येत नाही तो वारा,
हेल्मेटच्या खालून घुसून
दुधनीपर्यंत कानात काथ्या कुटणारा.
सिद्रामने सुपारी या गालातून त्या गालात नेली.
पटलं नाही त्याला.

मी पिकर विकतो, धोटे, चामडी पट्टे,
जुन्या मागांचे सुटे अवयव.
सोळा वर्षं गाडीवर.
गेल्या उन्हाळ्यात रात्री आडवा झालो की
उशीत एक बारीक किर्र शिट्टी वाजायची.
एकदा उठून पंखा बंद केला,
मग फ्रिज,
मग मीटरपाशी जाऊन मेन स्विच.
अंधारात उभा राहिलो. वाजतच होती.

बाहेरच्या खोलीत नायना रोज टीव्ही बघतात,
आवाज शून्यावर,
खालच्या पट्टीवरचं वाचत.
मलेशम कोंडा.
साखर पेठेतल्या शेडमध्ये बेचाळीस वर्षं,
बारा-बारा तास, चार माग एकटे.
त्या शेडमध्ये कुणी बोलायचं नाही,
ओठ हलवायचे नुसते.
ओठांवरून तेलुगू वेगळी कळायची, मराठी वेगळी,
मालकाची शिवी तर तो पाठमोरा असला तरी.
आणि चारी बाजूंना कापूस.
केसांत कापूस, भुवयांत कापूस, चहाच्या कपात कापूस.
कानात तेवढा कुणी घातला नाही.

विचारलं होतं एकदा, तोंडासमोर तोंड नेऊन.
म्हणाले, "धागा तुटला की माग वेगळा वाजतो.
ते ऐकायला नको?"

रविवारी त्यांना वळसंगला न्यायचं होतं, चुलतीकडे.
दारात मी बोळे वळताना बघत राहिले.
हे काय?
खिशातली दुसरी जोडी काढली,
त्यांच्या कानाची पाळी वर-मागे ओढली.
(या पाळीला मी पहिल्यांदाच हात लावला.
तिच्यावर बुजलेलं भोक आहे, कधीकाळच्या बाळीचं.)
दाबून तीस मोजले.
शेजारच्यांचा माग चालू होता,
भिंतीला टेकवलेली सायकल थरथरत होती.
नायना वाट बघत राहिले
काहीतरी होण्याची.
मग म्हणाले, "फरक नाही काही."
आणि जरा थांबून,
"मऊ आहे मात्र."

कुंभारी मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला.
मी सत्तरवर. आत शांत.
इंजिन लांबच्या घरातल्या शिलाई मशीनसारखं.
तेवढ्यात पाठीवर दोन थापा पडल्या.
गाडी कडेला घेतली.
नायना उतरले, हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं,
वाकले,
चेनखाली बोट घालून वर-खाली केली.
चांगली दोन इंच ढिली.

मला ऐकू आली नव्हती.
बोळ्यांमुळे म्हणावं, तर बोळे काढून
पुढे थोडं चालवून बघितली,
तरी नाही आली.

"कसं कळलं?" मी ओठांनी विचारलं.
त्यांनी उजवी चप्पल काढली,
बाभळीला हात टेकवून
तळवा दाखवला.

मग पाना मागितला.
त्यांच्या कानांतून नारिंगी टोकं बाहेर डोकावत होती.
काढायची राहून गेली होती,
आणि उन्हात गुडघ्यावर बसून नट आवळताना
त्यांना ती टोचत तरी नव्हती.