शून्य कुठं धरायचं

पहिली रेघ ओढण्याआधी
ठरवावं लागतं शून्य.
तिथून वर मोजायचे मजले,
तिथून खाली पाया.
कॉलेजात सांगितलं होतं, रस्त्याची पातळी धरा.
सांगलीत रस्ता कधीकधी सापडत नाही.

प्लॉट जुन्या लाकडाच्या वखारीचा,
आयर्विन पुलापासून हाकेच्या अंतरावर.
करवत गेली, भुसा गेला,
एक उंच भिंत उरली, सागाच्या वासाची.
तिच्यावर माझ्या डोक्याच्याही वर
गेरूनं ओढलेली वाकडी रेघ.
तिच्यावर हातभर आणखी एक, ऑइलपेंटची.
साल नाही, तारीख नाही.
लिहायची गरजच वाटली नसेल कुणाला.

"मॅडम, आधी ही भिंत पाडायची," मगदूमशेठ म्हणाले,
"गिऱ्हाईक येतंय, रेघ बघतंय,
आणि चहा न पिताच जातंय."
त्यांना माहितीपत्रकावर नदी हवी होती
संध्याकाळची, सोनेरी,
आठव्या मजल्याच्या बाल्कनीतून दिसणारी,
जागची न हलणारी.

तेरा मजले, मजल्यावर चार घरं.
तळ मोकळा सोडला.
अर्जात लिहिलं, वाहनांसाठी.
मनात होतं, तिला यायला वाट,
आणि मुख्य म्हणजे जायला.
खांब गोल केले, कोपऱ्यांना ओंडके अडकतात म्हणून.
विजेचे मीटर वर. पंप वर.
जनरेटर कुठं, यावर दोन मीटिंगा
आणि एक भांडण.
निळी रेषा, लाल रेषा, शिक्का, सही.
कागदावर पाणी फार शहाण्यासारखं वागतं.

हरिपूरला हळदीची पेवं बघितली होती लहानपणी.
माणूस उतरण्याआधी आत कंदील सोडायचे,
ज्योत टिकली तर माणूस.
वर्षानुवर्षं हळद निजायची तिथं, कीड नाही, ओल नाही.
मग एका पावसाळ्यात नदी पेवात उतरली,
तिनं कंदील सोडून बघितला नाही.
त्यांनी खोलीवर भरवसा टाकला,
मी उंचीवर टाकतेय.
माती तीच आहे.

इरगोंडा, प्लॉटचा राखणदार,
बोनेटवर पसरलेला नकाशा वाकून बघत होता.
"ह्यात मी कुठं?"
कुरकूर नव्हती त्यात, नुसती चौकशी.
मी बोट ठेवलं. गेटजवळ, तळाशी,
सहा बाय आठ.
"बरी हाय की," म्हणाला.
जरा थांबून,
"गेल्या टायमाला पत्र्यावर दोन राती काढल्या.
म्हशीचं दावं कापलं. गेली पोहत."
"आली परत?"
"चवथ्या दिशी. घर नव्हतं,
जागेवर येऊन हुबारली."

त्या रात्री त्याची खोली उचलली,
जिन्यानं वर नेली.
क्लबहाउसचा एक कोपरा गेला.
शेठ म्हणाले, "वॉचमन वर बसला
तर गेट कोण उघडणार?"
मला उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.
खोली मात्र तिथंच ठेवली.

आणि शून्य धरलं
ऑइलपेंटच्या रेघेवर.
पहिला मजला : अधिक दोन फूट.
तळमजला : उणे साडेआठ.
महापालिकेतून फोन आला,
"उणे म्हणजे तळघर आहे का हो?
तळघराला परवानगी नाही तिथं."
म्हटलं, तळघर नाही साहेब,
रस्ता आहे तो.
पलीकडं बराच वेळ पंखा ऐकू येत होता.

भिंत अजून उभी आहे, दसऱ्यापर्यंत.
काल गेले, तर इरगोंडा
डब्याची पिशवी काठीनं वर सरकवत होता
एका खिळ्याला.
खिळा दोन्ही रेघांच्या वर.
कुणी मारला, विचारलं.
"मीच की. अंदाजानं."

शिडी मागवली, टेप लावला.
अडीच फूट.

घरी येऊन
पहिल्या मजल्याचा आकडा खोडला.