नळी कानाला लावून

गाडी आधी ऐकावी, मग बघावी,
असं एर्मेतेचं मत.
बिएल्लाच्या चढावर त्याचं गॅरेज.
कार्बोरेटरच्या तोंडाशी रबरी नळी, दुसरं टोक कानात.
"डावा जास्त ओढतोय," म्हणतो,
स्क्रू पाव आटा फिरवतो, गप्प.

चारशे घोडे कशाला?
ओरोपाच्या वळणांना नव्वद पुरतात,
बाकीचे नुसता दाणा खातात.

मिलानचा वकील लाल गाडी घेऊन आला, ट्रेलरवर.
सहा वर्षांत अकराशे किलोमीटर.
"भाव चढतोय," म्हणाला.
एर्मेतेनं टायरवर अंगठा फिरवला,
न धावताच भेगाळलेलं रबर.
"नांदवायची नव्हती तर आणलीस कशाला?"
मी पाने पुसत राहिलो.

शनिवारी त्याची नात आली, ऑर्नेल्ला,
विजेच्या गाडीतून, मांजरासारखी.
हा आधी हसला. मग शेजारी बसला.
उतारावर, चॅपेलच्या वळणाआधी
तिनं पाय उचलला,
नेमका तिथंच
जिथं तो चाळीस वर्षं उचलायचा.

परतल्यावर जेवला नीट नाही.
रात्री गाडी चार्जिंगला,
आणि हा अंगणात वाकलेला, नळी कानाला.
आतून कुठूनतरी पंख्याची बारीक घरघर.
"आहे," म्हणाला मला,
"काहीतरी आहे.
अजून कळत नाहीये."