नमुना एकेचाळीस

टेरेन्सने बर्फाचा डबा टेबलावर ठेवला,
सही घेतली, म्हणाला,
तुकडे दोन आहेत, बाई एकच.

एक गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा.
दुसराही अस्तराचाच,
पण सापडला बीजकोशावर,
जिथे त्याचं काहीच काम नव्हतं.

परळच्या तिसऱ्या मजल्यावर
मी दोघींना वेगळ्या बाटल्यांत वाढवते.
सदतीस अंश. गुलाबी पाणी, दर दोन दिवसांनी नवं.
रविवारीही यावं लागतं.
आई विचारते, तुझ्या पेशींना सुट्टी नसते का गं?

नाव मला ठाऊक नाही, चिकटपट्टीखाली आहे.
वय चौतीस. व्यवसाय बस कंडक्टर.
दुखणं सुरू झालं तेव्हा वय चौदा.
मधली वीस वर्षं कुणाच्यातरी घाईच्या अक्षरात:
लग्नानंतर थांबेल असं सांगितलं होतं.
मूल झाल्यावर थांबेल असं सांगितलं होतं.
मूल झालं नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली दोघी सारख्याच,
तळाला धरून, बोटं पसरून, शेजारीण शोधणाऱ्या.
लेबलं झाकून मी स्वतःची परीक्षा घेतली.
तीनदा पाहिलं, दोनदा चुकले.

मग पेशी तिथेच ठेवून फक्त पाणी काढून घेतलं,
त्यांनी चोवीस तासांत ज्यात काय काय सोडलं ते.
मोरीतल्या खरकट्या पाण्यावरून
घरात काय शिजलं ते ओळखावं, तसं हे काम.

शहाण्णव खळग्यांची प्लेट. रंग चढू लागला.
घरच्या पेशींचे खळगे फिके,
पाणी घालून वाढवलेल्या सरबतासारखे.
जागा चुकलेलीच्या खळग्यांत
जणू हळदीचा डबा कलंडला.
प्रथिन तेच. चौपट.

मॅडम म्हणाल्या, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही,
अजून तीस तरी हव्यात.
बरोबरच आहे. वहीत मी तेच लिहिलं.
वहीत हे नाही लिहिलं, की चौदाव्या वर्षी
कुणी तिच्या रक्ताचा एक थेंब अशा खळग्यात टाकला असता,
आणि तो थेंब बोलणारा निघाला असता,
तर.

दोघींना एकाच डब्यात गोठवलं, शेजारी शेजारी.

साडेआठची बस. कंडक्टर बाई होती.
मुंबईत अशा कितीतरी असतील.
दांड्याला पाठ टेकून ती क्षणभर थांबली,
डोळे मिटले, उघडले.
मी तिच्या बिल्ल्याकडे बघायचं टाळलं.
सुट्टे आहेत का, तिने विचारलं.
होते.