बाकी

इसाफ्योर्दुरच्या बंदरावर, मासळीच्या शीतगृहाचे हिशेब
एकतीस वर्षं लिहून स्टेनवर घरी बसली
आणि भाच्याने टाकून दिलेल्या संगणकाला
स्वयंपाकघरात एक संख्या तपासायला लावली.

दोनाचा आठ कोटींच्या वरचा घात, वजा एक.
एका ओळीत लिहायला घेतली
तर खाडी संपेल, अंक संपायचे नाहीत.
पण दोनच अंकांच्या लिपीत ती नुसती
१११११११
एकाशेजारी एक, एकाशेजारी एक,
शून्याला शिरायला फट नाही.

रीत पाढे येणाऱ्या पोराला सांगता येईल अशी:
चार घ्या. वर्ग करा. दोन वजा.
त्या संख्येने भागा, बाकी ठेवा.
बाकीचा वर्ग. दोन वजा. पुन्हा भागा.
हे आठ कोटी वेळा.
शेवटी शून्य उरलं तर मूळ संख्या.
दुसरं काहीही उरलं, तर नाही.

नोव्हेंबरअखेर सूर्य डोंगराआड गेला, तो गेलाच.
यंत्र तापायचं.
त्यावर ती पावाचं पीठ फुगायला ठेवायची, वर ओलं फडकं.

त्या गावात नावातच बाप असतो.
शेजारचा हाल्डोर ब्रांड्सोन, म्हणजे ब्रांडुरचा.
टपालातली थोर्डिस ओड्सदोत्तिर, ओडुरची.
स्टेनवर मात्र राग्नहेइदारदोत्तिर:
राग्नहेइदुरची. आईची.
नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ विचारू नये
ही म्हण तिच्या भाषेत नाही.
तिने विचारलं होतं. नऊ वर्षांची असताना एकदा,
चाळिशीत एकदा.
आई दुसऱ्या खेपेला कॉड साफ करत होती.
सुरी न थांबवता म्हणाली,
"कुणीतरी होताच की."

पंचवीस जानेवारीला सूर्य परत येतो.
गाव धिरडी करतं, कॉफी पितं.
तव्यावर तिसरं धिरडं होतं
तेव्हा पडद्यावर ओळ उमटली:
सोळा अक्षरांची बाकी.
शून्य नव्हे.

"म्हणजे भाग जातो," ती हाल्डोरला म्हणाली.
"कशाने?"
"ते या रीतीने कळत नाही.
जातो, एवढं नक्की."
"मग दोन महिने वाया?"

तिने उत्तर दिलं नाही. धिरडं करपलं होतं.
हिशेबाच्या जुन्या वहीत, कॉडच्या पेट्यांखाली,
तारीख टाकून तिने लिहिलं:
संयुक्त. अवयव अज्ञात.
मग पेन तसंच धरून थोडा वेळ बसली.
"अज्ञात" खोडलं.
लिहिलं: "आहेत."

मोरीवरच्या भिंतीवर ऊन सहा मिनिटं होतं.
हाल्डोर घड्याळ लावून बघत होता.
तिने पुढचा घात भरला
(तोही मूळच लागतो, नाहीतर तपासणंच व्यर्थ),
चारपासून सुरुवात केली
आणि पिठाचं भांडं
पुन्हा यंत्रावर ठेवलं.