गेरू

रेंज पाण्याच्या टाकीखालीच येते, तीही एक काडी.
दीड जीबी रोजचा, म्हणून निवडूनच उतरवले:
तीन व्हिडिओ, सुरीनं जीव कसा वाचवावा यावर.
राइस मिलचा काटा रात्री दहाला बंद होतो,
मग स्कुटी, आणि नहराच्या पाळीनं सहा किलोमीटर.

पार्बता मावशी बांबू सोलत होती.
बुरडाची बाई, चाळीस वर्षं सुरी हातात.
म्हटलं, मावशे, तूच सांग कोणता शिकू.

पहिला काळ्या बनियानातला, मागे ढोल वाजतो.
समोरचा त्याच्याकडे सुरी नेतो
जशी आपण पाहुण्याकडे पानाची थाळी.
"हा तर थांबून राह्यला वो, मार खायची वाट पाहून.
नहरावर कोणी थांबन का तुयासाठी?"
पुसला.

दुसऱ्यात बाई. गुलाबी गादी, रबराची सुरी,
सात दिवसांत निर्भय व्हा, पुढचं पैसे भरल्यावर.
मावशीनं फोन डोळ्याजवळ नेला.
"हिची बोटं पाय. एकबी वण नाही.
जिले सुरीनं कधी कापलं नाही
तिले सुरीचं काय मालूम?"

तिसरा म्हातारा, आवाज बसका,
चित्र हलतंय, कोणीतरी हातात धरून काढलेलं.
डाव्या अंगठ्याला नख नाही.
अर्धा वेळ तो चपलांबद्दलच बोलतो:
पळता येईल असं घाला. किल्ली हातात ठेवा.
सुरी सगळ्यात शेवटी, आणि काढलीच
तर तुम्हालाही लागणार, हे धरून चाला.
"याले ठेव."

मग तिनं दोन कमच्या वीतभर कापल्या,
धार मोडली, गेरूत बुडवल्या.
कोंबड्या टोपल्याखाली झाकल्या.
अंगणात मी एकवीसची, ती साठीची,
पदर खोचून, मधेच गुडघा धरत.
आधी हसू येत होतं. मग नाही आलं.

लाइट लावून मोजलं.
माझ्या ड्रेसवर अकरा: मनगट, पोट, मानेखाली एक.
तिच्या लुगड्यावर चार.
"जिंकली ना, मावशे."
ती माझ्या मानेखालची रेघ अंगठ्यानं पुसत राहिली.
पुसली जाईना, पसरत गेली.

दुसऱ्या रात्री दहाला
मिलच्या फाटकाशी, बल्बखाली,
मावशी टोपली विणत बसलेली, बोटांकडे न बघता.
पायात माझे शाळेतले
पांढरे कॅनव्हासचे बूट.