चालतं

समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटर वर
सकाळचे सात. क्वेंकामधला नदीकाठचा रस्ता बंद.
निलगिरीची झाडं, ताणलेल्या दोऱ्या, पाण्याची टेबलं,
आणि पाचव्या खांबाशी मी, रोसाउरा तेनेसाका,
एरवी आसोगेसच्या शाळेत भूमिती शिकवणारी,
आज पुरुषांच्या वीस किलोमीटर चालण्याची पंच.

हातात पिवळी पाटी, ताटलीएवढी.
एका बाजूला नागमोडी रेघ: जमीन सुटली.
दुसऱ्या बाजूला कोन: गुडघा वाकला.
कोन मी रोज फळ्यावर काढते.
रेघेची मात्र मला अजून भीती वाटते.

नियम एवढाच की मागचा पाय उचलण्याआधी
पुढचा टेकलेला हवा.
आणि या नियमाच्या पोटात दुसरा, लहानसा:
सुटलेलं दिसलं तर. नुसत्या डोळ्यांना.
कॅमेरा चालत नाही. चष्मा चालतो.
उद्याच्या पेपरातल्या फोटोत सगळेच तरंगताना दिसतील,
मेक्सिकोचा, कोलंबियाचा, ग्वाटेमालाचा तो बुटका,
प्रत्येकाच्या बुटाखाली
कागद सरकवण्याइतका उजेड.
म्हणजे माझ्या पापणीपेक्षा छोटी लबाडी
सगळ्यांना माफ.
तेवढं चालतं.

इतर शहरांत या चालीला लोक हसतात,
बदकं म्हणतात, कमरेची नक्कल करतात.
इथे कुणी हसत नाही.
माझ्याच वर्गातले दोघं मधल्या सुट्टीत
फाटकापर्यंत असे जातात,
गुडघे ताठ, तोंडं लाल,
आणि घंटा झाली की पळत परत येतात, तेव्हा मला
ते पळणंच कसंसं वाटतं.

एफ्राइन किश्पे सिगसिगचा. माझ्या आईच्या गावचा.
सोळाव्या फेरीत तो तिसरा,
आणि फलकावर त्याच्या नावापुढे दोन लाल खुणा,
दोघा वेगवेगळ्या पंचांच्या.
तिसरी पडली की बाहेर.
फलकाकडे बघू नये असं आम्हाला शिकवतात.
मी बघितलं.

आई गवताच्या टोप्या विणायची.
बाजारातला दलाल टोपी उन्हाकडे धरायचा,
एक काडी चुकलेली सापडली
तर अर्धे पैसे.
दलालाला दिसली नसती अशीही एक चूक
आईला एकदा रात्री बोटांना लागली.
कंदील मोठा करून तिने सगळा काठ उसवला.
मी म्हटलं, कुणाला कळणार आहे?
ती काही बोलली नाही. काड्या ओल्या करत राहिली.

एकोणिसावी फेरी.
एफ्राइन वळणावरून आला, मान थोडी तिरकी,
ओठांवर मीठ,
दोरीमागे आख्खं गाव त्याच्या नावाने ओरडत होतं.
कोलंबियावाला चार पावलं मागे.
आणि माझ्या खांबासमोर, अगदी समोर,
रस्ता एक क्षण रिकामा होता.
त्याच्यावर त्याची सावली होती.
तो नव्हता.

मी लिहिलं. क्रमांक, वेळ, रेघ.
कार्ड न्यायला सायकलवरचा पोरगा आला,
त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं,
आणि मला वाटलं, मुद्दामच हळू पायडल मारत गेला.

एफ्राइन हात वर करून पोचला.
झेंडा अंगावर घेतला.
त्यानंतर मुख्य पंच लाल पाटी घेऊन
त्याच्याकडे चालत गेले,
साधं चालत, वयानुसार.

त्याचा बाप दोरीखालून वाकून माझ्यापाशी आला.
टोपी हातात. काठ एकसारखा, दाट,
मी नको म्हणत असताना माझे डोळे तिथेच गेले.
त्याने आवाज चढवला नाही.
विचारलं, "बाई, किती वेळ होता तो वर?"

मी म्हटलं, "मला दिसेल इतका."

त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून,
ते मला कळलं नाही.
तो गेला त्या बाजूला एफ्राइन फुटपाथवर बसला होता,
बूट काढून, तळवे फरशीवर सपाट टेकवून.

अकराला बायकांची शर्यत.
पोरगा कोऱ्या कार्डांचा गठ्ठा देऊन गेला, न बोलता.
मी चष्मा पुसला.
पुसून पुन्हा पुसला.